अशनीचा तुकडा

उर्दू माध्यमाच्या मुलांना ‘शहाब’ हा शब्द शिकवावा लागत नाही. शहाबुद्दीन नावाचा एखादा मामू किंवा चाचा प्रत्येकाच्या घराण्यात असतोच. कुरआन शरीफमध्ये आकाशातल्या जळत्या ज्वाळेचा उल्लेख ‘शहाब’ म्हणूनच येतो. सकाळी मदरशात नाझरा शिकणाऱ्या मुलांच्या कानांवरून तो कितीदा तरी गेलेला असतो. विज्ञानाच्या उर्दू पुस्तकात तोच ‘शहाबे-साकिब’ होतो, मराठीत त्याला उल्का म्हणतात. आणि जी उल्का वाटेत जळून संपत नाही, जमिनीपर्यंत पोचते, ती अशनी. शब्द असे तीन-तीन, व्याख्याही तोंडपाठ. पण ती वस्तू मुलांनी पाहिलेली नसते आणि बहुतेक वेळा शिकवणाऱ्यानेही पाहिलेली नसते. आमच्या शाळांत बरेचसे विज्ञान असेच शिकवले जाते. परीक्षानळीचे चित्र फळ्यावर, सूक्ष्मदर्शकाचे चित्र पुस्तकात आणि प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप.

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो. बी.एस्सी. झाल्यावर बी.एड. केले, निकाह झाला आणि त्याच वर्षी नोकरी लागली. शाळा अंशतः अनुदानित आहे. अंशतः अनुदान म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या शिक्षकांना सांगायची गरज नाही. इतरांनी एवढेच समजावे की काम पूर्ण असते आणि पगार टक्क्यांत असतो. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्या घरात लहानपणापासून ‘मैं’ कमी आणि ‘हम’ जास्त. मराठीत लिहायला बसलो की ‘आम्ही’च येते. वाचकांनी तो मोठेपणा समजू नये, भाषेची सवय समजावी.

२०२२ साली आठवीच्या वर्गात ग्रह, लघुग्रह, धूमकेतू असा पाठ चालला होता. शहाबे-साकिबचा परिच्छेद वाचून झाला आणि पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मिस, आपने देखा है?” आम्ही म्हणालो, पडताना पुष्कळदा पाहिला आहे, हातात कधी घेतलेला नाही. लगेच मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, “कितने को मिलता है?” वर्ग हसला. आम्हाला मात्र त्या प्रश्नाचे हसू आले नाही. ज्या घरांत महिन्याचा किराणा आठवड्याच्या हिशोबाने भरला जातो त्या घरातले मूल कोणत्याही वस्तूविषयी पहिला प्रश्न हाच विचारणार. आणि प्रश्न रास्त होता. आकाशातून पडलेल्या दगडाला किंमत असते का? असली तर ती आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली असते का? उत्तर शोधतो, असे सांगून आम्ही तास संपवला.

शोधू लागलो तेव्हा पहिली गोष्ट कळली ती ही की अशनींमध्येही श्रीमंत-गरीब असतात. चंद्रावरून किंवा मंगळावरून उडालेला तुकडा सोन्यापेक्षाही महाग विकला जातो. मंगळाच्या अशनींतल्या एका मोठ्या गटाला ‘शेरगोटाइट’ म्हणतात आणि ते नाव आपल्या बिहारमधल्या शेरघाटी गावावरून पडले आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी तिथे एक दगड पडला. तो मंगळावरचा आहे हे कळायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. शेरघाटीच्या लोकांना आपल्या गावाचे नाव जगभरच्या प्रयोगशाळांत घेतले जाते हे ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. पण बहुतेक अशनी असे खानदानी नसतात. पृथ्वीवर पडणाऱ्यांत सर्वांत मोठी संख्या साध्या ‘कॉन्ड्राइट’ जातीच्या दगडांची. सहारा वाळवंटात भटक्या टोळ्यांना ते वाळूवर काळे ठिपके दिसावेत तसे दिसतात. मोरोक्कोच्या अरफूद, रिसानी या गावांच्या बाजारात ते जीवाश्मांच्या शेजारी मांडलेले असतात. त्यांची किंमत सोन्यासारखी नाही, त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे तोळा-दोन तोळे घ्यायचे तर आमच्यासारख्यांनाही जमण्याजोगे.

आपल्या देशात पडलेला दगड मिळेल का, हा विचार साहजिकच आला. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूरजवळच्या काटोल गावावर आणि आसपासच्या शिवारात अशनींचे तुकडे पडले होते. आमची एक वर्गमैत्रीण तिकडचीच. तो आवाज तिला अजून आठवतो. त्या काटोलच्या दगडात ‘ब्रिजमनाइट’ नावाचे खनिज सापडल्याचे २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले. हे खनिज पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खोल आहे, पण तिथून ते हाती लागत नाही. विदर्भातल्या एका गावावर पडलेल्या दगडाने ते दाखवले. मात्र आपल्या देशात पडलेले अशनी जमा करून जपण्याचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण करते. असे दगड त्यांच्याकडे सोपवायचे असतात, खरेदी-विक्री करायची नसते. आम्हाला हे योग्यच वाटले. म्हणून काटोलचा विषय सोडून दिला.

इथे मुलांना एक जुनी हकीकत सांगितली, ती वाचकांनाही सांगावीशी वाटते. बादशहा जहाँगीरने आपल्या ‘तुझुक-ए-जहाँगीरी’त लिहून ठेवले आहे की १६२१ च्या एप्रिलमध्ये जालंधर परगण्यातल्या एका गावात मोठा आवाज होऊन आकाशातून काहीतरी कोसळले. तिथल्या आमिलाने जागा खणून घेतली तेव्हा आतून तापलेल्या लोखंडाचा गोळा निघाला. तो दरबारात आणून तोलला, १६० तोळे भरला. बादशहाने उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराला त्याच्या तलवारी करायला सांगितल्या. पण हातोडा पडला की ते लोखंड फुटायचे. मग तीन भाग आकाशातले लोखंड आणि एक भाग साधे लोखंड मिसळून दोन तलवारी, एक कट्यार आणि एक सुरी घडवली गेली. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे. आम्हाला या हकीकतीत बादशहापेक्षा उस्ताद दाऊद मोठा वाटतो. ज्या धातूची कोणाला ओळख नाही तो हातात आल्यावर त्याने आधी ठोकून पाहिले, फुटतो हे मान्य केले आणि मग प्रमाण शोधले. विज्ञानाचा तास याहून वेगळा काय असतो?

जानेवारी २०२३ मध्ये शाळेची सहल लोणारला नेली. लोणार आमच्यापासून एस.टी.ने तासाभरावर. जिल्ह्यात राहून मुलांनी ते सरोवर पाहिलेले नव्हते, कारण सहलीला पैसे लागतात आणि सरोवर पाहून पोट भरत नाही. काठावर उभे राहिल्यावर मुले गप्प झाली. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचा, बेसाल्टच्या काळ्या खडकात पडलेला तो खड्डा. काठापासून दीडशे मीटर खाली पाणी. अबुल फज़लने ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख केला आहे, काच आणि साबण करायला लागणारे पदार्थ इथे मिळतात असे तो लिहितो. म्हणजे अकबराच्या काळातही या खाऱ्या पाण्याची कीर्ती दिल्ली-आग्र्यापर्यंत पोचली होती. खड्डा किती वर्षांपूर्वीचा याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. एका पद्धतीने मोजले तर सुमारे ५२ हजार वर्षे येतात, दुसऱ्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. हे ऐकून एका मुलाने विचारले, “मग परीक्षेत काय लिहायचे?” आम्ही म्हणालो, पुस्तकात असेल ते लिही आणि हा झगडा लक्षात ठेव.

मुलांनी वाटेतले काळे दगड उचलायला सुरुवात केली. खिशात चुंबक होताच. तो काही दगडांकडे हलकासा ओढला गेला आणि आरडाओरडा झाला, “मिला, मिला!” सगळ्यांना खाली बसवून सांगावे लागले की बेसाल्टमध्येही लोहखनिज असते, त्यामुळे चुंबक थोडा ओढला जाणारच. ज्याने हा खड्डा पाडला तो पाहुणा आदळण्याच्या उष्णतेत आणि दाबात जवळजवळ नाहीसा झाला. शिवाय हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर यादीतले पाणथळ क्षेत्रही आहे. इथला खडा उचलून न्यायचा नाही. मुलांनी दगड परत ठेवले. चेहरे पडले, पण एक गोष्ट पक्की झाली. चुंबकाने ओढले म्हणजे अशनी, असे होत नाही.

पैसे न लागणारा आणखी एक मार्ग होता. आकाशातून मोठे दगड क्वचित पडतात, पण धूळ रोज पडते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अशा सूक्ष्म कणांच्या रूपाने दरवर्षी सुमारे ५,२०० टन माल पृथ्वीवर उतरतो. पूर्वी शास्त्रज्ञ तो अंटार्क्टिकाच्या बर्फात आणि समुद्राच्या तळाशी शोधत; शहरात तो सापडणार नाही असे मानले जाई. जॉन लार्सेन नावाच्या नॉर्वेच्या एका जॅझ वादकाने ते मानले नाही. त्याने पत्र्यांच्या पन्हाळी आणि गच्च्या झाडून धूळ गोळा केली आणि हजारो कणांतून आकाशाचे कण वेगळे केले. २०१७ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांसोबत त्याने ५०० कणांचा अहवाल प्रसिद्ध केला. कणाचा आकार साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे टाचणीच्या डोक्याहूनही लहान. हे वाचून आम्हाला हुरूप आला. वादकाला जमले ते आमच्या वर्गाला का जमू नये?

जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि शाळेची गच्ची झाडली. पाच बादल्या धूळ निघाली. ती धुऊन वाळवली, त्यावरून चुंबक फिरवला. पिशवीला काळी भुकटी चिकटली. भिंगातून पाहिले तर तिच्यात चकचकीत, गोल गोल गोळ्या! पुस्तकातल्या छायाचित्रांतही अशाच गोळ्या होत्या. वर्गात ईद आली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा तो मुलगा, ‘कितने को मिलता है’ विचारणारा, भिंगावरून डोके उचलून म्हणाला, “मिस, ये तो अब्बा के वेल्डिंग के छर्रे हैं.”

त्याच्या वडिलांचे वेल्डिंगचे दुकान शाळेच्या भिंतीला लागून आहे. दारे, खिडक्या, कूलरचे स्टँड तिथे दिवसभर जोडले जातात. हा मुलगा शाळा सुटली की तिथेच असायचा. त्याचा विचार आठवी झाली की दुकानात बसायचा आणि घरच्यांचाही तोच होता. तसे आमच्याकडे दरवर्षी होते. मुलींची लग्नाची बोलणी सुरू होतात, मुलांना गॅरेज नाहीतर फळांची गाडी मिळते आणि नववीच्या हजेरीपटावर नावे कमी होतात. आम्ही त्याला म्हणालो, छर्रे आहेत हे तुझे म्हणणे, सिद्ध कर. दुसऱ्या दिवशी त्याने एका पुडीत दुकानाच्या फरशीवरची भुकटी आणली. पांढऱ्या कागदावर डावीकडे दुकानाची भुकटी, उजवीकडे गच्चीची. मुले आळीपाळीने भिंगातून पाहत गेली. दोन्हीकडे तशाच गोळ्या होत्या, काही पोकळ, काहींना शेपूट. दिवाळीच्या फटाक्यांतूनही अशा गोळ्या उडतात. दोन महिने चाळणी चालली. ज्यांच्याविषयी शंका राहिली असे अकरा कण एका पुडीत बांधून ठेवले. त्यांचा निकाल लावायला चांगला सूक्ष्मदर्शक हवा. पुडीवर त्या मुलानेच उर्दूत लिहिले, “फैसला बाकी है.”

नवीन वर्ष सुरू झाले तेव्हा तो नववीच्या वर्गात होता. वडिलांना भेटायला गेलो होतो. ते म्हणाले, “मॅडम, वेल्डिंग तर मी शिकवीनच, शाळा एक-दोन वर्षे चालू दे म्हणतो पोरगा. दगड यायचा आहे म्हणतो.” म्हणजे दगड आता आणावाच लागणार होता.

आमच्या चाचांच्या शेजारचे एक जण मस्कतला होते. ते म्हणाले, ओमानच्या वाळवंटात असे दगड पडलेले असतात, सुट्टीत येताना चार उचलून आणतो, फुकटात. ओमानच्या वाळवंटात शेकडो अशनी सापडले आहेत हे खरे. पण परवानगीशिवाय ते तिथून बाहेर नेता येत नाहीत. असे करणारे परदेशी लोक तुरुंगात गेले आहेत. आम्ही त्यांना हात जोडले. फुकटच्या दगडापायी कोणाची रोजी जायला नको. आणि दुसऱ्याच्या मुलखातून चोरून आणलेली वस्तू दाखवून मुलांना शिकवणार तरी काय?

मग मामूंचा धाकटा मुलगा उपयोगी पडला. तो दुबईत एका कंपनीत स्टोअरकीपर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथे रत्ने-खनिजांच्या एका प्रदर्शनात मोरोक्कोचा एक व्यापारी आला होता. मामूंचा मुलगा फोनवर म्हणाला, “बाजी, पत्थरच हवा ना? आपल्या गावात कमी आहेत का?” पण गेला. व्हिडिओ कॉलवर आम्ही इकडून सांगत होतो, तो तिकडून दाखवत होता. बाहेरून काळपट तपकिरी, पातळ साल असलेला हवा. आत फोडी किंवा भोके नकोत, भोके असली तर बहुधा भट्टीची मळी. एक बाजू कापलेली असेल असाच घ्या, म्हणजे आत धातूचे चमकते ठिपके आणि बारीक गोल दाणे दिसतील. फार स्वस्तात चंद्राचा किंवा मंगळाचा म्हणून देत असेल तर हात लावू नका. आणि माल कायदेशीर मार्गाने देशाबाहेर आला आहे हे बिलावर लिहून मागा. व्यापाऱ्याने बिल दिले, सोबत एक छापील चिठ्ठीही दिली: वायव्य आफ्रिका, वर्गीकरण न झालेला कॉन्ड्राइट.

वर्गीकरण न झालेला म्हणजे खोटा नव्हे. अशनीला रीतसर नाव आणि क्रमांक मिळवायचा तर त्याचा २० टक्के भाग किंवा २० ग्रॅम, यांपैकी जे कमी असेल ते, मान्यताप्राप्त संस्थेत जमा करावे लागते, तपासणी होते आणि मग आंतरराष्ट्रीय समिती नाव मंजूर करते. साध्या दगडांसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही, म्हणून ते स्वस्त मिळतात. आमच्या वर्गातली निम्मी मुले जन्मदाखल्याशिवाय शाळेत आली होती. दाखला नाही म्हणून मूल खोटे ठरत नाही, हे त्यांना पटकन समजले.

किंमत साठ दिरहम, म्हणजे तेव्हाचे साधारण १,३६० रुपये. अंदाज १,५०० चा केला होता. ज्यांना जमले अशा सव्वीस मुलांनी दहा-दहा रुपये दिले, त्याचे २६० झाले. बाकीच्यांनी घरोघरची रद्दी आणली. ती विकून ५४० आले. शिक्षकांच्या खोलीतून २०० आणि उरलेले ५०० आम्ही घातले. दगडाचे पैसे वजा जाता १४० उरले, त्यात एक बऱ्यापैकी भिंग आणि झाकणाची प्लास्टिकची डबी आली.

हे सगळे विनातक्रार झाले असे नाही. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सर्वांसमोर विचारले, “एवढ्या पैशांत किती वह्या आल्या असत्या? आपल्या मुलांना आधी नोकऱ्या हव्यात, दगड काय कामाचा?” प्रश्न चेष्टेचा नव्हता. त्यांनी स्वतःच्या पगारातून कितीतरी मुलांची फी भरली आहे. आम्ही एवढेच म्हणालो की सर, वह्या देणारे गावात आहेत. ईदला देतात, शाळा सुरू होताना देतात, फोटोही काढतात. पण आमच्या मुलांना कोणी अशनी देणार नाही, कारण त्यांना तो हवा असेल असे कोणाला वाटतच नाही. गरीब मुलाला काय हवे हे नेहमी दुसराच ठरवतो. यावेळी मुलांनी स्वतः मागितले आहे आणि स्वतः रद्दी वेचून पैसे उभे केले आहेत. सर काही बोलले नाहीत. शिक्षकांच्या खोलीतल्या त्या २०० रुपयांत १०० त्यांचे होते, हे नंतर कळले.

दगड डिसेंबरात आला. मुलांनी तो सरळ मान्य केला नाही, याचा आम्हाला आनंद झाला. लोणारने आणि गच्चीने त्यांना तेवढे शिकवले होते. एक मुलगी म्हणाली, “पहले जाँच होगी.” घर बांधताना उरलेल्या फरशीच्या खडबडीत बाजूवर दगड घासला. लोहखनिज असते तर काळी किंवा तांबडी रेघ उमटली असती. तशी रेघ उमटली नाही. चुंबक चांगला चिकटला, बेसाल्टपेक्षा कितीतरी जोराने. मग घनता. शाळेत तराजू नाही. चौकातल्या सोनारकाकांकडे पाच मुले घेऊन गेलो. त्यांनी आधी हवेत तोलला: २३.४ ग्रॅम. मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलला, वजन ७ ग्रॅमने कमी भरले. मुलांनी दुकानाच्या पायरीवरच भागाकार केला: ३.३४. साध्या दगडापेक्षा जास्त, लोखंडापेक्षा पुष्कळ कमी, जुन्या कॉन्ड्राइटला शोभेल असे. सोनारकाका म्हणाले, “पोरांनो, चाळीस वर्षांत असा माल तोलला नाही.” आणि तोलायचे पैसे घेतले नाहीत.

शेवटी कापलेल्या बाजूवर भिंग धरले. तपकिरी जमिनीत रुपेरी ठिपके आणि त्यांच्या मध्ये मिलिमीटरभर आकाराचे गोल दाणे. या दाण्यांना ‘कॉन्ड्रूल’ म्हणतात. त्यांच्यावरूनच कॉन्ड्राइट हे नाव पडले. सूर्यमाला तयार होत होती तेव्हा अवकाशातल्या धुळीचे वितळलेले थेंब तरंगता तरंगता थिजले आणि त्यांचे हे दाणे झाले. वय सुमारे ४५६ कोटी वर्षे. पृथ्वीवर इतका जुना खडक सापडत नाही, कारण पृथ्वीने आपले जुने खडक पुन्हा पुन्हा वितळवून टाकले. वेल्डरचा मुलगा बराच वेळ भिंगाला डोळा लावून होता. मग म्हणाला, “मिस, ये भी छर्रे ही हैं.” आम्ही म्हणालो, अगदी बरोबर. वितळलेला थेंब थंड होताना गोल होतो, मग तो तुझ्या अब्बांच्या दुकानात उडालेला असो की सूर्याच्या जन्माच्या वेळी. नियम एकच. त्याने दगड मुठीत धरला आणि दुसऱ्याला द्यायला जरा वेळच लावला.

आम्हाला अपेक्षित होता तो प्रश्नही आला. हजरे-अस्वद शहाबे-साकिबच आहे का? काही युरोपीय अभ्यासकांनी तसा तर्क केला आहे, काहींनी दुसरे तर्क केले आहेत. प्रयोगशाळेत कोणी त्याची तपासणी केलेली नाही. आम्ही मुलांना हेच सांगितले आणि पुढे म्हणालो की त्याचा मान तो कशाचा बनला आहे यावर अवलंबून नाही. हज़रत उमर (रज़ि.) यांनी त्या दगडाला उद्देशून काय म्हटले ते मुलांना दीनियातच्या तासामुळे ठाऊक होते. हा आधार थोड्याच दिवसांत पुन्हा कामी आला. एका मुलाच्या दादीअम्मा शाळेत आल्या. आकाशातला दगड बुडवलेले पाणी सुनेला पाजले तर काही गुण येईल का, असे त्यांनी हळूच विचारले. आम्ही त्यांना खुर्ची दिली, दगड त्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणालो, अम्मा, हा दगड आहे, नफा-नुकसान याच्या हाती नाही. सुनेला सरकारी दवाखान्यात दाखवा, आम्ही सोबत येतो. त्यांनी तो बराच वेळ निरखला, ‘सुब्हानल्लाह’ म्हणाल्या आणि परत दिला. दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी गेलो.

बाहेरच्या शिक्षकांना उपयोग होईल म्हणून एक-दोन गोष्टी लिहितो. अशनीत लोखंड असते, त्यामुळे पावसाळ्यात तो गंजतो. बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या मुलांनी जमवल्या आणि डबीत ठेवल्या; पुडी जुनी झाली की बदलायची. दगड पाण्याने धुवायचा नाही. तोलण्यासाठी बुडवला होता तो लगेच उन्हात वाळवला. हाताळण्याआधी हात कोरडे हवेत. पण हाताळू द्यायचाच. कपाटात कुलूपबंद ठेवायचा असेल तर पुस्तकातले चित्र पुरे होते.

त्या वर्गातली मुले २०२५ मध्ये दहावीला बसली. नववीच्या हजेरीपटावर जेवढी नावे होती त्यांतली दोन कमी झाली, दोन्ही मुलींची. एकीचे लग्न झाले आणि एकीचे घर दुसऱ्या गावी गेले. दगडाने ते थांबवले नाही आणि थांबवेल असे आम्ही समजलोही नव्हतो. वेल्डरचा मुलगा पास झाला. विज्ञानात फार मोठे गुण नाहीत, पण पास झाला आणि आय.टी.आय.च्या वेल्डर ट्रेडला त्याने प्रवेश घेतला. जाण्याआधी तो अकरा कणांची पुडी मागायला आला. तिथे मोठा सूक्ष्मदर्शक असेल तर पाहून घेतो म्हणाला. आम्ही सहा कण दिले, पाच ठेवून घेतले.

दगडाची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला करायची तेव्हा कारकूनभाईंनी विचारले, “काय लिहू?” आम्ही सांगितले ते त्यांनी लिहिले: ‘अशनी, एक नग, वजन २३.४ ग्रॅम, किंमत रु. १,३६०, नववीच्या विद्यार्थ्यांकडून शाळेस.’ ही शेवटची ओळ मुलांनी रजिस्टर उघडून स्वतः वाचली. आमच्या शाळेच्या त्या रजिस्टरात बाके आहेत, पंखे आहेत, एक न चालणारा संगणक आहे. ते सारे कोणी ना कोणी देणगीदाराने दिलेले. मुलांनी शाळेला दिलेली अशी ती एकच वस्तू आहे. नव्या आठवीत तो पाठ आला की डबी वर्गात जाते, आणि कोणीतरी विचारतेच, “मिस, कितने को मिला?” आता उत्तर आमच्याकडे आहे.